उन्हाचे जीवनसत्त्व आणि देहाची स्थूलता

जी वस्तू फुकट मिळते तिची किंमत मनुष्यास सहसा कळत नाही. पाणी, वारा आणि ऊन ह्या निसर्गाच्या तीन देणग्यांपैकी पाणी आपण आता बाटलीतून विकत घेतो, स्वच्छ वाराही मोठ्या शहरात दुर्मिळ झाला आहे. ऊन तेवढे अजून कोणी मोजून देत नाही. आपल्या हैदराबादेत तर ते इतके मुबलक, की त्याच्यापासून बचाव कसा करावा हीच आपली बारा महिन्यांची विवंचना! आणि तरीही अलीकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येते : "डॉक्टरांनी रक्त तपासले, जीवनसत्त्व 'ड' कमी निघाले." त्यातही ज्यांचे अंग स्थूल आहे अशा मंडळींत ही उणीव अधिक आढळते. असे का व्हावे? अंगातील चरबी हे जीवनसत्त्व खाऊन टाकते काय? की हे जीवनसत्त्व कमी पडल्यामुळेच माणूस स्थूल होतो? ह्या प्रश्नाचा उलगडा शास्त्रज्ञांनी गेल्या पंचवीस वर्षांत मोठ्या चिकाटीने केला आहे. मी भाषेची शिक्षिका आहे, वैद्य नव्हे; परंतु जे ज्ञान प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे ते सोप्या मराठीत सांगणे हे भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे, असे मला वाटते.

प्रथम ह्या जीवनसत्त्वाची ओळख करून घेऊ. लहान मुलांच्या एका जुन्या रोगाला मराठीत मुडदूस म्हणतात. त्यात हाडे मऊ राहतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात आणि मूल वेळेवर चालू लागत नाही. युरोपातील धुराने काळवंडलेल्या शहरांत विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या रोगाने असंख्य मुले ग्रासली होती. लंडनमध्ये एडवर्ड मेलान्बी ह्यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून 1919 साली दाखविले, की कॉड नावाच्या माशाच्या यकृताचे तेल दिले असता हा रोग टळतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की ह्या डॉक्टरांनी आजारी मुलांच्या अंगावर एका विशिष्ट दिव्याचे अतिनील किरण सोडले आणि तीही बरी झाली! एकाने तेल पाजले, दुसऱ्याने प्रकाश दिला आणि गुण मात्र एकच आला. हे कोडे पुढे सुटले. 1922 साली अमेरिकेत मॅक्‌कॉलम ह्यांनी तेलातील त्या गुणकारी द्रव्यास जीवनसत्त्व 'ड' हे नाव दिले. अ, ब आणि क ही नावे आधीच देऊन झाली होती, म्हणून हे 'ड'. मागाहून कळले, की तेच द्रव्य आपली कातडी उन्हाच्या साहाय्याने स्वतःच तयार करते. ह्या विषयावरील रसायनशास्त्रीय संशोधनासाठी जर्मनीतील आडोल्फ विंडाउस ह्यांना 1928 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचेही एक पान आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. 1922 साली हचिसन आणि शहा ह्या दोघांनी नाशिक भागातील मुडदुसाविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. साधा तर्क असा, की गरिबाच्या घरी अन्न कमी, म्हणून रोगही तेथेच अधिक असावा. परंतु त्यांना आढळले ते उलट. शेतात व रस्त्यावर राबणाऱ्या गरीब आयांची, रूक्ष भाकरीवर वाढलेली मुले ह्या रोगापासून बहुधा मुक्त होती. आणि ज्या सुखवस्तू घराण्यांत पडदा पाळला जाई, जेथे आई व तान्हे मूल दोघेही अंधाऱ्या माजघरात दिवस काढीत, तेथे मात्र दूधतुपाची रेलचेल असूनही मुलांची हाडे मऊ पडत होती. ऊन अंगणात होते. मूल घरात होते. दोघांची गाठ पडत नव्हती, एवढेच! आजच्या आपल्या प्रश्नाचे बीजही ह्याच निरीक्षणात आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

आता हे द्रव्य अंगात कसे तयार होते ते पाहू. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक कच्चा माल असतो. उन्हातील अतिनील किरणांपैकी ठराविक किरण त्यावर पडले, की त्याचे रूपांतर जीवनसत्त्व 'ड'मध्ये होते. ते रक्तात उतरते, यकृतात जाऊन त्याचा एक संस्कार होतो आणि मूत्रपिंडात दुसरा. अशा दोन संस्कारांनंतर ते कामाला योग्य होते आणि आतड्यांतून कॅल्शियम शोषून घेण्यास शरीराला मदत करते. कॅल्शियम म्हणजे हाडांची वीट. जीवनसत्त्व 'ड' म्हणजे ती वीट बांधकामापर्यंत वाहून आणणारा मजूर. विटांचा ढीग बाहेर पडला असून मजूरच आला नाही, तर भिंत कशी उभी राहणार? मुलांत ही भिंत कच्ची राहिली तर मुडदूस होतो. मोठ्या माणसांत हाडे मऊ पडतात. मांड्या, कंबर व बरगड्या दुखतात, जिना चढताना पाय भरून येतात. अनेक घरांतील माउल्या हे दुखणे वयाचे म्हणून वर्षानुवर्षे सोसत असतात.

रक्ततपासणीत जे मोजतात ते यकृतातून बाहेर पडलेले रूप. ते एका मिलिलिटर रक्तद्रवात 12 नॅनोग्रॅमहून कमी असले, तर उणीव निश्चित समजतात. भारत सरकारने 2016 ते 2018 ह्या काळात देशभरातील मुलांची जी व्यापक पोषण-पाहणी केली, तीत हेच माप लावले होते. 1 ते 4 वर्षांच्या बालकांत 14 टक्के, 5 ते 9 वर्षांच्या मुलांत 18 टक्के आणि 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींत 24 टक्के इतकी उणीव आढळली. हे आकडे ओळीने वाचले म्हणजे एक गोष्ट आपोआप नजरेत भरते. मूल जसजसे मोठे होते, शाळेत जाऊ लागते आणि अभ्यासाच्या ओझ्याखाली दबते, तसतशी ही उणीव वाढते. आपल्या शहरातही वेगळे चित्र नाही. तार्नाका येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी हैदराबादेतील साठी ओलांडलेल्या नागरिकांची जी पाहणी 2018 साली प्रसिद्ध केली, तीत निम्म्याहून अधिक जणांत हे जीवनसत्त्व अपुरे होते. ही संस्था म्हणजे आपल्या शहराचे भूषण आहे. तिचा आरंभ 1918 साली निलगिरीतील कुन्नूर येथे एका खोलीच्या छोट्या शोधकेंद्राने झाला आणि 1958 साली ती हैदराबादेस आली.

दुसऱ्या बाजूस स्थूलतेचे मान पाहा. 2019 ते 2021 मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी 24 टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे 23 टक्के व्यक्तींचे वजन उंचीच्या मानाने अधिक होते. तेलंगणात हेच आकडे स्त्रियांत 30 व पुरुषांत 32 टक्क्यांवर गेले. हे मान काढण्याची रीत सोपी आहे. वजनाच्या किलोग्रॅमांना उंचीच्या मीटरांनी दोनदा भागावे. 160 सेंटिमीटर उंचीच्या आणि 64 किलोग्रॅम वजनाच्या मनुष्याचा अंक 25 येतो. वरील पाहणीत 25 वा त्याहून मोठा अंक अधिक वजनाचा धरला आहे. भारतीय वैद्यांनी मात्र आपल्या देशबांधवांसाठी 23 पासूनच सावध व्हावे असे 2009 साली ठरविले. वाढत्या वयाच्या मुलांना हा मोठ्यांचा अंक जसाच्या तसा लावावयाचा नसतो. त्यांच्यासाठी वयानुरूप वेगळे तक्ते आहेत.

भारतीयांसाठी वेगळी सावधगिरी का, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी जगाला पटवून दिले. 2004 साली त्यांनी स्वतःचे आणि इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्यांचे छायाचित्र लॅन्सेट ह्या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात शेजारी-शेजारी छापले. दोघांचाही अंक बरोबर 22.3, म्हणजे तराजूच्या दृष्टीने दोघे सारखेच सडपातळ. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन ह्यांच्या शरीरात ती 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के निघाली! अंगाने किरकोळ दिसणाऱ्या भारतीय मनुष्याच्या पोटात चरबी लपून बसलेली असू शकते. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बालकांचाही त्यांनी अभ्यास केला. तेथील बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोग्रॅमची, तर इंग्लंडातील साउथॅम्प्टनची 3.5 किलोग्रॅमची; तरीही आपल्या चिमुकल्या बाळांनी चरबी मात्र राखून ठेवलेली होती. तेव्हा "आमच्या घरी कोणी जाड नाही" असे म्हणून कोणी हा लेख मिटू नये.

आता मुख्य प्रश्न. चरबी अधिक तेथे जीवनसत्त्व 'ड' कमी, हे जगातील अनेक देशांत पुनःपुन्हा दिसून आले आहे. परंतु दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसेही असू शकते. येथे तीन शक्यता संभवतात. पहिली, स्थूलतेमुळे जीवनसत्त्व कमी होत असेल. दुसरी, जीवनसत्त्व कमी झाल्यामुळे स्थूलता येत असेल. आणि तिसरी, दोहोंचे मूळ भलत्याच ठिकाणी, म्हणजे समजा दिवसभर घरात बसण्याच्या सवयीत असेल. विद्यार्थ्यांनी ह्या तीन वाटा नीट लक्षात घ्याव्यात; कारण शास्त्रातच नव्हे, तर रोजच्या व्यवहारातही कार्य कोणते आणि कारण कोणते हे ओळखण्यात आपली पुष्कळदा गल्लत होते.

पहिल्या शक्यतेची कसोटी अमेरिकेत लागली. वॉर्ट्समन, हॉलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल आणि सडपातळ अशा दोन्ही प्रकारच्या व्यक्तींना सारख्याच अतिनील किरणांसमोर उभे केले आणि त्यांच्या रक्तात जीवनसत्त्व किती वाढते ते मोजले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात स्थूल व्यक्तींच्या रक्तातील वाढ सडपातळांपेक्षा 57 टक्के कमी भरली. मग त्यांच्या कातडीत काही दोष होता काय? नाही. तपासून पाहता कातडीतील कच्चा माल दोघांतही सारखाच निघाला. म्हणजे कारखाना ठीक चालत होता. माल तयार होऊन वाटेतच कोठे तरी जिरत होता.

तो कोठे जिरतो? जीवनसत्त्व 'ड' पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. त्यामुळे शरीरातील चरबी ते आपल्याकडे ओढून घेते. पूर्वी शेतकरी जमिनीत पेव खणून त्यात जोंधळा साठवीत. पेवात धान्य असते, पण ते उकरून काढल्याशिवाय जात्यावर येत नाही. चरबीचे पेव जितके खोल, तितके जीवनसत्त्व त्यात अधिक अडकून पडते, असे प्रथम पुष्कळांचे मत होते. 2012 साली अमेरिकेतील ओमाहा येथील संशोधकांनी ह्याहून साधे स्पष्टीकरण पुढे मांडले. एक चमचा साखर तांब्याभर पाण्यात घाला. पाणी गोड लागेल. तीच चमचाभर साखर घागरीत घाला. पाणी जवळजवळ फिकेच लागेल. साखर कोणी चोरली नाही, ती अधिक पाण्यात वाटली गेली. त्याचप्रमाणे मोठ्या देहात तेवढेच जीवनसत्त्व अधिक जागेत पसरते आणि रक्तात त्याचे प्रमाण उतरते. पेव म्हणा की घागर म्हणा, व्यवहारातील निष्कर्ष एकच : मोठ्या देहाला तेवढ्याच उन्हाचा वा तेवढ्याच औषधाचा लाभ कमी होतो. म्हणूनच 2011 साली अमेरिकेतील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांनी सांगितले, की स्थूल रुग्णाला ह्या औषधाची मात्रा इतरांच्या दुप्पट-तिप्पट लागू शकते.

पण दुसऱ्या शक्यतेचे काय? हे जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे तर माणूस स्थूल होत नसेल? तसे असते तर किती बरे झाले असते! गोळी गिळावी आणि पोट उतरावे! ह्या आशेवर जाहिराती करणारेही काही कमी नाहीत. ह्याची शहानिशा करण्यासाठी लंडन येथील विमलेश्वरन, हिप्पोनेन आणि त्यांच्या बहुसंख्य सहकाऱ्यांनी एक नामी युक्ती योजली. आईबापांकडून आलेले काही आनुवंशिक गुण माणसाला किंचित स्थूलतेकडे झुकवितात. दुसरे काही गुण त्याच्या रक्तातील जीवनसत्त्व 'ड' किंचित कमी ठेवतात. हे गुण जन्माच्या वेळीच, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटले जातात. मनुष्य पुढे उन्हात फिरतो की घरात बसतो ह्याचा त्या वाटणीशी संबंध नसतो. तेव्हा ज्यांना स्थूलतेची चिठ्ठी आली त्यांच्यात जीवनसत्त्व कमी आहे काय, आणि ज्यांना कमी जीवनसत्त्वाची चिठ्ठी आली त्यांच्यात स्थूलता अधिक आहे काय, असे दोन्ही प्रश्न विचारता येतात. 21 निरनिराळ्या अभ्यासांतील सुमारे 42 हजार लोकांच्या माहितीवरून 2013 साली उत्तर मिळाले. देहाचा अंक 10 टक्क्यांनी वाढला, तर रक्तातील जीवनसत्त्व सुमारे 4 टक्क्यांनी घटते. उलट बाजूने मात्र काहीच हाती लागले नाही : जीवनसत्त्व कमी असल्याने देह स्थूल होतो असा पुरावा निघाला नाही. प्रत्यक्ष औषध देऊन केलेले प्रयोगही हेच सांगतात. जीवनसत्त्व 'ड'च्या गोळ्यांनी वजन उतरत नाही. वजन उतरले असता मात्र रक्तातील जीवनसत्त्व थोडेफार सुधारते.

गोळ्यांविषयी येथेच दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आठवड्याला 60 हजार एककांची पुडी वा गोळी आता पुष्कळ घरांच्या कपाटात असते. डॉक्टरांनी ठरावीक आठवडे ती घेण्यास सांगितले असेल तर अवश्य घ्यावी. परंतु शेजारणीला गुण आला म्हणून आपणही महिनोन्‌महिने घेत राहणे धोक्याचे आहे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जादा झाली तर लघवीवाटे निघून जातात; हे मात्र अंगात साठते. प्रमाणाबाहेर साठल्यास रक्तात कॅल्शियम वाढते. मळमळ, तहान, बद्धकोष्ठ आणि पुढे मूत्रपिंडास अपाय होतो. उन्हाने मात्र असे कधी होत नाही, कारण जादा तयार झालेले द्रव्य ऊनच कातडीत मोडून टाकते. निसर्गाच्या कारखान्यात अशी कुलपे-किल्ल्या असतात, औषधाच्या पुडीत त्या नसतात. शिवाय ही गोळी म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे. अमेरिकेत 25 हजारांहून अधिक लोकांवर सुमारे पाच वर्षे झालेल्या मोठ्या प्रयोगात रोज 2,000 एकके घेणाऱ्यांत कर्करोग वा हृदयविकार कमी झाल्याचे दिसले नाही, असे 2018 साली जाहीर झाले. ज्या अमेरिकन तज्ज्ञांचा वर उल्लेख केला, त्यांनीच 2024 साली असेही सुचविले, की लक्षणे नसलेल्या प्रौढांची, मग ते स्थूल का असेनात, सरसकट रक्ततपासणी करीत बसू नये. उणीव असेल तेथे ती भरून काढणे हे खरे औषध. उणीव नसताना घेतलेले औषध म्हणजे नुसता खर्च.

राहिली तिसरी शक्यता : दोहोंचे मूळ एकाच सवयीत असणे. माझ्या मते आपल्यासारख्या शहरवासीयांनी सर्वांत अधिक विचार करावा तो हिचाच. आपली कुकटपल्ली डोळ्यांसमोर आणा. हौसिंग बोर्डाच्या वसाहतीतील जुन्या बैठ्या घरांच्या जागी अनेक मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. एका इमारतीची सावली दुसरीच्या गच्चीवर पडते. मूल सकाळी बसमध्ये बसते, दिवसभर वर्गात, सायंकाळी शिकवणीला आणि रात्री दूरदर्शनच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर. वडील काचेच्या थंडगार कचेरीत. काचेतून ऊन दिसते, उष्णताही येते. पण जीवनसत्त्व घडविणारे किरण काच अडवून धरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. धूर व धूळ हेही त्या किरणांना अडवितात. दिल्लीतील दाट धुराच्या मोरी गेट भागातील बालकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व सरासरी 12.4 नॅनोग्रॅम, तर त्या मानाने स्वच्छ हवेच्या गुडगावातील बालकांत 27.1 नॅनोग्रॅम आढळले, असे 2002 सालच्या एका अभ्यासात नमूद आहे. दोन्ही ठिकाणी आकाश एकच, सूर्यही एकच! नाशिकच्या वाड्यातील माजघर आणि आपली बंद खिडक्यांची सदनिका ह्यांत, उन्हाच्या दृष्टीने पाहिले, तर फरक कितीसा आहे? जे बालक उन्हात जात नाही ते धावतही नाही. जे धावत नाही त्याच्या अंगी मेद चढतो. मेद चढला की मिळेल तेवढे थोडे ऊनही अंगात विरळ होते. असे हे चक्र आहे.

ह्या चक्राला आणखी एक आरा आहे, आणि तो विद्यार्थ्यांच्याच हाती आहे. वर्गात एखादा मुलगा वा मुलगी अंगाने जाड असते. तिला नाना नावे ठेवली जातात. खेळात तिला कोणी आपल्या बाजूला घेत नाही. हळूहळू ती मैदानावर येणेच सोडते, मधल्या सुट्टीत बाकावर बसून राहते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 21व्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोघांनाही जोडीने बसविले आहे, ते दोघांचीही काळजी वाहावी म्हणून; हसावे म्हणून नव्हे. स्थूलता हा काही गुन्हा नाही. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, घरच्या अन्नाचा असतो, कधी आजाराचाही असतो. ज्या मुलीला सर्वांहून अधिक ऊन व अधिक खेळ हवा, तिलाच आपण चेष्टेने सावलीत ढकलतो, हे किती विपरीत! तिला हाक मारून खेळात घेणे हे कोणत्याही पुडीहून मोठे औषध आहे.

ऊन केव्हा घ्यावे, ह्याचीही एक गंमत आहे. सकाळचे कोवळे ऊन उत्तम, असे आपल्याकडे मानतात. आल्हादाच्या व व्यायामाच्या दृष्टीने ते खरेच आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला, त्याने कित्येकांचे देह सुधारले. परंतु सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात आणि आपल्याला हवे असलेले किरण वाटेतच गळून जातात. म्हणून पहाटेच्या नमस्कारांनी स्नायू घडतील. जीवनसत्त्व मात्र फारसे मिळणार नाही. ढोबळ नियम असा, की आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते तेव्हाच कातडीतील हा कारखाना चांगला चालतो.

हा नियम विद्यार्थ्यांनी शाळेच्या मैदानावर स्वतः पडताळून पाहावा. हैदराबाद विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेसतरा अंशांवर आहे. 22 डिसेंबरला, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशी, भर दुपारी येथे सूर्य क्षितिजापासून सुमारे 49 अंश वर असतो. 5 फूट उंचीच्या मुलाची सावली सव्वाचार फुटांच्या आसपास पडते. म्हणजे ऐन हिवाळ्यातही आपल्याकडे दुपारचे ऊन उपयोगी पडते. लंडनमध्ये त्याच दिवशी त्याच मुलाची सावली 18 फुटांहून लांब पडेल! ज्यांचे आप्त इंग्लंडात आहेत त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की तेथील हिवाळी उन्हात हे जीवनसत्त्व तयारच होत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर गोऱ्या कातडीपेक्षा ऊन अधिक वेळ लागते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी हैदराबादेत सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो व सावली पायाखाली नाहीशी होते. मात्र उन्हाळ्यातील ही दुपार घातक असते. तेव्हा उघड्यावर उभे राहण्याचे साहस कोणी करू नये. त्या दिवसांत सकाळी नऊच्या सुमारासच सावली पुरेशी आखूड होते. कातडी लाल होईपर्यंत वा चक्कर येईपर्यंत उन्हात राहणे हे कधीच हितावह नाही. हातपाय उघडे ठेवून आठवड्यातील बहुतेक दिवस थोडा वेळ उन्हात खेळणे, हे प्रकृतीला मानवेल असे प्रमाण आहे.

आहाराचाही थोडा विचार केला पाहिजे. हे जीवनसत्त्व अन्नात फार थोडे असते. तेलकट मासे हा त्याचा चांगला साठा. मराठीत बांगडा म्हणा, की माझ्या मायबोलीत बांगडो म्हणा, गुण एकच! तारल्याही तशाच गुणी. अंड्याच्या पिवळ्या बलकात ते थोडे असते. शाकाहारी मंडळींसाठी जीवनसत्त्व घातलेले दूध व तेल आता बाजारात मिळते. त्यांच्या वेष्टनावर अधिक चिन्ह व इंग्रजी 'एफ' अक्षर छापलेले असते. सरकारच्या 2020 सालच्या शिफारशीप्रमाणे ज्यांना ऊन फारसे मिळत नाही अशांना दिवसाला 600 एककांची गरज असते, आणि केवळ घरच्या जेवणातून ती भागणे कठीण. त्याचबरोबर विटांची, म्हणजे कॅल्शियमचीही सोय हवी. शंभर ग्रॅम नाचणीत ते 364 मिलिग्रॅम असते, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 सालच्या तक्त्यांत दिले आहे. कुकटपल्लीच्या रयतू बाजारातून आठवड्याची भाजी आणताना नाचणीचे पीठही आणले, तर खर्च फार वाढणार नाही. तळलेले पदार्थ व साखरेची पेये कमी केली, तर तो खर्च उलट भरून निघेल.

तात्पर्य काय? स्थूलता आणि जीवनसत्त्व 'ड' ह्यांचे नाते खरे आहे. पण ते बहुतांशी एका दिशेने वाहते. देह वाढला म्हणजे जीवनसत्त्व विरळ होते. जीवनसत्त्वाची गोळी घेऊन देह घटत नाही. म्हणून ज्यांचे वजन अधिक आहे त्यांनी अंगदुखी किंवा अशक्तपणा असल्यास डॉक्टरांना विचारावे, उणीव निघाल्यास सांगितलेली मात्रा पुरी घ्यावी, आणि वजन उतरविण्यासाठी मात्र आहार व व्यायाम ह्यांचाच आश्रय करावा. पालकांना एक विनंती आहे. मुलाच्या दिवसाचे वेळापत्रक आखताना खेळाचा तास सर्वांत शेवटी, उरलेल्या वेळात बसवू नका. आम्हा शिक्षकांचेही कर्तव्य आहे, की परीक्षा जवळ आली म्हणून कवायतीचा तास गणिताला देऊ नये. आणि विद्यार्थिमित्रहो, मधल्या सुट्टीची घंटा झाली की डबा लवकर संपवून मैदानावर चला. जाताना बाकावर एकटे कोणी बसले असेल, तर त्यालाही हाताला धरून बरोबर घ्या. मैदानात ऊन पुष्कळ आहे, सर्वांना पुरेल इतके आहे.